विमानवाल्या सुभद्राबाईचा अर्ज

वकिलाची सनद भिंतीवर असते आणि डॉक्टरची नळी गळ्यात असते. अर्जनवीसाची ओळख मात्र उजव्या हाताच्या दोन बोटांवरील शाईवरून पटते. ही शाई साबणाने निघत नाही, आणि ती निघावी अशी माझी इच्छाही नाही. मलकापूरच्या तहसील कचेरीसमोरील कडुनिंबाखाली माझी बैठक आहे. एक उतरते मेज, एक सतरंजी, दौत, टाक, अंगठ्याची शाईगादी आणि परवान्याचा कागद एवढा माझा सरंजाम. आठवडी बाजाराच्या दिवशी हाच सरंजाम मोटारीच्या टपावर टाकून मी धामणगाव बढ्यास जातो आणि तेथे बाजाराच्या कडेच्या चिंचेखाली बसतो. माझे शिक्षण मराठी सातवीच्या परीक्षेस बसण्यापर्यंत झालेले आहे. त्या परीक्षेचा निकाल काय लागला, हा मुद्दा येथे अप्रस्तुत आहे. बी. ए. झालेले कारकून माझा अर्ज वाचून मान वर करतात आणि विचारतात, "हा कोणी लिहिला?" मला तेवढे पुरते.

या अंकाच्या संपादकांनी "धंद्यातील काही अनुभव लिहा" असा निरोप धाडला, तेव्हा कोणती गोष्ट लिहावी याविषयी माझ्या मनात क्षणभरही संदेह नव्हता. विमानाची गोष्ट. ती आठवली की आजही माझा टाक दौतीत जरा अधिकच बुडतो. परंतु ती कळण्यापूर्वी धंदा कळला पाहिजे.

बाहेरच्या लोकांस वाटते की, लोक सांगतात ते लिहून घेणारा तो अर्जनवीस. हे चूक आहे. लोक सांगतात ते तसेच लिहिले तर कोणताही साहेब तो कागद अर्ध्यावर बाजूस टाकील. मनुष्य आमच्यापुढे येतो तो रागावलेला, रडवेला किंवा घाबरलेला असतो. तो आधी शेवट सांगतो, मग शिव्या सांगतो, मग आजोबांच्या वेळची हकीकत सांगतो, आणि मुद्दा उठता उठता सांगतो. त्यातून मुद्दा उचलणे, त्यास मानाने वर बसविणे आणि बाकीचे गाळणे ही आमची विद्या. गाळणे ही त्यातील थोर विद्या. "सबब विनंती की" या शब्दांच्या आधी काय यावे आणि नंतर काय यावे हे ज्यास उमगले, त्यास अर्ज उमगला. अर्ज पुरा झाला की तो अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवावयाचा आणि मगच अंगठा घ्यावयाचा. वाचून न दाखविता अंगठा घेणे हे पाप आहे, आणि ते मी कधी केलेले नाही.

काही वाक्ये मात्र तयारच असतात. "अर्जदार गरीब, अडाणी व निराधार असून हुजुरांखेरीज त्यास त्राता नाही" हे वाक्य माझा हात मला न विचारता लिहितो.

गिऱ्हाइकेही नाना तऱ्हेची. मलकापुरास नोकरीस असलेल्या दुसरबीडच्या एका गृहस्थास सख्ख्या भावावर नोटीस काढावयाची होती आणि मजकूर एवढाच की, सणाला घरी ये. पत्र लिहा म्हटले तर म्हणे, पत्राला तो भीक घालत नाही. संग्रामपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा एक म्हातारा अस्वलाविरुद्ध अर्ज घेऊन आला. अस्वलाने त्याची वाळत घातलेली मोहफुले खाल्ली होती, आणि गैरअर्जदार म्हणून अस्वलाचेच नाव घाला असा त्याचा हट्ट होता.

"आपण जंगलखात्याचे नाव घालू," मी म्हणालो.

"जंगलखात्यानं नाही खाल्ली ना बापा. अस्वलानं खाल्ली. खोटं कायले लिहायचं?"

मी जंगलखात्याचेच नाव घातले. म्हाताऱ्याने अर्ज पुरता ऐकून घेतला, मान हलविली आणि अंगठा न देताच निघून गेला. तेव्हा मी पोटभर हसलो होतो. आता हसत नाही. का, ते पुढे येईलच.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनएक वर्षे झाली असतील. संक्रांत उलटली होती. धामणगावच्या बाजारापलीकडील मोकळ्या जागेत टुरिंग टॉकीजचा तंबू पडला आणि टांग्यात भोंगा लावून एक मनुष्य ओरडत फिरू लागला की, हिंदुस्थानात पहिल्याप्रथम विमान चालविणाऱ्या बायांपैकी एकीचे खरेखुरे चरित्र पडद्यावर पाहा. बाईचे नाव मिस हेमलता. सिनेमाचे नाव हिंदीत आणि लांबलचक होते. बाजारात सगळे त्यास "विमानवाल्या बाईचा शिनेमा" एवढेच म्हणत. मी अशा गोष्टींच्या आहारी जाणारा मनुष्य नव्हे. तरी तो मी तीन वेळा पाहिला.

दिवेलागणीस पहिला खेळ सुरू होई. एका बाजूस पुरुष, एका बाजूस बायका, मध्ये कनातीचा पडदा. आरंभीच पडद्यावर अक्षरे आली की, सदर बाई हयात असून मुंबईस राहतात. मग विमान आले. त्याचा पंखा फिरू लागला तेव्हा पुढच्या रांगेतील माणसांनी खरोखरच डोक्यावरच्या टोप्या धरल्या. एक तरुण मुलगी, अंगात चामड्याचे जाकीट, डोळ्यांवर मोठा चष्मा, एकटीच आभाळात जाते आणि खाली नद्या दोऱ्यासारख्या दिसतात, हे पाहताना माझ्या पायाखालील सतरंजी हलते की काय असे मला झाले. जन्मभर मी खाली मान घालून कागद पाहिले. त्या सायंकाळी मी प्रथमच मान दुखेपर्यंत वर पाहिले.

मध्यंतरानंतर प्रसंग आला तो असा. विमानातून तेल गळू लागते. पडद्यावर "बरार" अशी अक्षरे येतात, आणि तंबूत एकच गलका होतो, कारण बरार म्हणजे आपला वऱ्हाड. बाई एका पडीत रानात विमान उतरविते. शेजारी ज्वारी उभी. तेवढ्यात जमीनदाराचा देखणा मुलगा घोडा उधळीत येतो, चांदीच्या पेल्यातून तिला दूध देतो, आणि ज्वारीच्या कडेने दोघे गाणे म्हणत फिरतात.

गाणे रंगात आले असता बायकांच्या बाजूने एक आवाज आला, अगदी सरळ, जसे कोणी भाजीचा भाव सांगावा.

"हे खोटं हाय. घोडा नव्हता."

पुरुषांतून कोणी तरी हसले. "चूप बस वं विमानवाली, शिनेमा पाहू दे."

तिला मी त्या सायंकाळी पाहिले नाही. दुसऱ्या बाजारी पाहिले. परंतु तिच्या आधी माझ्याकडे सरपंच आले.

धामणगावापासून दोन कोसांवर एक खेडे आहे. पक्षकाराचे गाव उघड करू नये हा आमच्यातील दंडक असल्याने त्याचे नाव मी लिहीत नाही. तेथील सरपंच माधवराव पाटील हे भारदस्त गृहस्थ. त्यांनी बैठकीवर बसताच सांगितले की, लढाईच्या आधी त्यांच्या गावच्या पडितात एक विमान उतरले होते, ते याच बाईचे.

"गावातले लोक आजवर म्हनत, साहेब उतरला होता," माधवराव म्हणाले. "आता शिनेमानं उलगडा केला. थो घोड्यावरचा पोऱ्या म्हंजे आमचा आजा."

"आजोबांस त्या वेळी किती वय होते?" मी नम्रपणे विचारले.

"शिनेमात वय कमी करतेत हो अर्जनवीस. तुमी लिहा."

पाडव्यास त्या पडितात एक दगड बसवावयाचा, असा पंचायतीचा विचार होता, आणि त्यावरील मजकूर माझ्याकडून हवा होता. दगडावर माझा मजकूर! कागद वाळवी खाते; दगडास कोण खाणार? मी दोन दिवस खपून लिहिले: "या स्थळी वैमानिक मिस हेमलता यांचे विमान संकटात उतरले असता कै. पाटील यांनी त्यांचे गोरसाने आतिथ्य केले." 'गोरसाने' हा शब्द सुचला तेव्हा मी उठून कडुनिंबाभोवती एक चक्कर मारली होती, हे आता कबूल करतो. मजकूर पाथरवटाकडे गेला.

त्यानंतरच्या बाजारी चिंचेखाली एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. मागे तिचा नवरा किसन तंबाखू मळत होता.

"काय गं बाई, काय लिहायचे?" मी विचारले.

"मी सुभद्रा," ती म्हणाली. "त्या विमानातल्या बाईले पानी म्या पाजलं. पाटलानं नाही. असं मुंबईले लिवा."

मी टाक खाली ठेवला. माझ्या दगडाचा पाया हलला होता. परंतु अर्जदार तो अर्जदार. मी हकीकत सांगण्यास सांगितले. तिने ती अशी सांगितली.

त्या वर्षी ती नुकती लग्न होऊन आली होती आणि ज्वारीच्या राखणीस मचाणावर होती, हातात गोफण. आभाळात घरघर झाली आणि विमान पडितात येऊन उड्या मारीत थांबले. रानातील सारे लोक पळाले. तिला मचाणावरून घाईने उतरता आले नाही म्हणून ती राहिली. विमानातून एक मनुष्य उतरला. विजार, जाकीट, चष्मा. इकडे तिकडे कोणी नाही असे पाहून त्याने टोपी काढली.

"अन् केस निंगाले ना बाप्पा, इतके लांब," सुभद्रा म्हणाली. "म्या म्हटलं, अव माय, हे तं बाई हाय. थे माह्याजवळ आली, कानाजवळ येऊन म्हने, बहन, इधर कहीं आड है क्या. आडोसा पाह्यजे होता तिले. सकाळपासून आभायात बसेल होती बिचारी. आभायात कुठं बसन? म्या तिले जवारीत नेलं अन् वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, पदर पसरून उभी राह्यली. मंग तिनं माह्या मडक्यातलं पानी पेलं, हात धुतले. तितक्यात गावातले लोक काठ्या घेऊन येऊन राह्यले होते. तिनं झटकन केस गुंडायले, टोपी घातली अन् मले डोयानं खुनावलं, सांगू नको."

"मग?"

"मंग काय. म्या नाही सांगतलं. पाटलाच्या गाडीत बसून थे मलकापूरच्या टेसनावर तार कराले गेली. तोंडातून शबद नाही काढला. लोकं म्हने, साहेब घुस्स्यात हाय. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचे हत्यारं घेऊन दोन मानसं आले, अन् त्याईच्यातलाच एक विमान उडवून घेऊन गेला. सारं गाव पाहून राह्यलं होतं. बाई कोनी पाह्यलीच नाही."

महिन्याभराने तिने विहिरीवरच्या बायकांस ही गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून तिचे नाव 'विमानवाली' पडले. वाचकांनी ध्यानात घ्यावे की, त्या काळी सुभद्राच्या वस्तीतल्या मडक्याचे पाणी गावात कोणी घेत नसे. आता ती सारी वस्ती बुद्धाच्या धम्मात गेली आहे आणि दिवस पालटले आहेत. परंतु तेव्हा लोक म्हणाले, बाई विमान चालविते ही एक लबाडी, आणि ती तुझ्या मडक्यातले पाणी पिते ही दुसरी. पुढे कोणी वाढवून बोलले की म्हणत, हे सुभद्रीचं विमान हाय.

"शिनेमा पाह्यला तवा मले वाटलं, आता खरं झालं," ती म्हणाली. "तं घोडा आला. आता म्हनतेत, बाई होती हे खरं, पन पानी तुह्या हातचं नाही. अन् दगड लावून राह्यले. दगड लागला की मी मरेपर्यंत खोटी. माह्या नाती बी खोटीची नात म्हनून वाढतीन. मले दगड नको भाऊ. मले खोटी म्हनू नये, एवढंच पाह्यजे."

मला तिचे म्हणणे पटले, हे मी आधीच लिहून ठेवतो. दगडाचा मोह बाजूस सारून मी कागद ओढला. तंबूवरील जाहिरातीत सिनेमा कंपनीचा मुंबईचा पत्ता होता तो मी उतरून घेतलेलाच होता. सिनेमा कंपनीस अर्ज लिहिण्याचा योग वऱ्हाडातील किती अर्जनवीसांस आला असेल? मी "मेहेरबान सिनेमा कंपनी साहेब, मुक्काम मुंबई, यांचे हुजुरास" असा आरंभ केला आणि लेखणी जी धावली ती दोन ताव संपेपर्यंत थांबली नाही. मग नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखविले.

"अर्जदार सुभद्राबाई ही गरीब, अडाणी, विधवा व निराधार..."

"विधवा?" सुभद्रा म्हणाली. "मालक समोर बसेल हायेत ना."

किसनने तंबाखू गालात सारली. "राहू दे वं. अर्जात मेलेला मानूस काही मरत नाही."

ते मी खोडले. हात सवयीने लिहून गेला होता. पुढे वाचले: "सदर वैमानिक बाई अत्यंत तृषार्त झाल्या असता अर्जदाराने त्यांस शीतल जल व भाकरी अर्पण करून त्यांचे प्राण वाचविले..."

"भाकर नव्हती दिली."

"ती असावी लागते. त्याने अर्जास वजन येते."

ती म्हणाली, "अन् थे जवारीतलं नाही लिवलं?"

वाचकहो, येथे माझी चूक झाली, आणि ती मी माझ्या संपूर्ण विद्येनिशी केली. मी तिला समजावणीच्या सुरात सांगितले की, बाई, हुजुरापुढे असले शब्द जात नाहीत. एका थोर स्त्रीविषयी आपण लिहीत आहोत. ते गाळणेच शोभते.

"तुमाले जास्त समजते," सुभद्रा म्हणाली आणि अंगठा दिला.

पाडव्यास पंधरवडा राहिला असता मुंबईहून पाकीट आले. पोस्टमनने ते कडुनिंबाखाली आणून दिले तेव्हा चार अर्जदार ताटकळत ठेवून मी ते उघडले. आत पत्र हिंदीत, स्वच्छ अक्षरात, आणि खाली सही खुद्द मिस हेमलता यांची. कंपनीने माझा अर्ज त्यांच्याकडे धाडला होता. आकाशात गेलेल्या हाताचे अक्षर माझ्या मेजावर होते.

मतलब असा होता: सिनेमा लागल्यापासून मला पुष्कळ गावांहून पत्रे आली आहेत. प्रत्येक गावी माझे विमान उतरले होते, आणि प्रत्येक गावाने मला पाणी व भाकरी दिली आहे. त्या दिवशी मला खरोखर जी मदत झाली ती ज्या बाईने केली ती एकच बाई जाणते, आणि आपल्या पत्रात त्या मदतीचा उल्लेख नाही. आपले पत्र सर्वांत सुंदर आहे. नमस्कार.

'सर्वांत सुंदर' हे शब्द मी दोनदा वाचले आणि मला आयुष्यात प्रथम माझ्या अक्षराची लाज वाटली. बाई खरी होती. खोटा माझा कागद होता. तिच्याकडे एकच पुरावा होता, तो फक्त त्या दोघींमधला होता, आणि तो मी शोभत नाही म्हणून गाळला होता. भाकरी मात्र घातली होती.

बाजाराचा दिवस येईतो मला दम निघेना. सुभद्रा आली तेव्हा मी प्रथमच उठून उभा राहिलो आणि "सुभद्राबाई, बसा" म्हणालो. पत्राचा अर्थ सांगितला. ती रागावली नाही. किसनकडे पाहून एवढेच म्हणाली, "म्या म्हटलं नव्हतं?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "दुसरा अर्ज लिहितो. लगेच."

परंतु लिहावे कसे? मी लिहिले, "सदर बाईंस देहधर्माची निकड भासल्याने." फाडले. "निसर्गाच्या हाकेस ओ देण्यास्तव." फाडले. "शंकानिरसनार्थ." ते वाचले तर वाटावे की, बाईस शेतीविषयी काही विचारावयाचे होते. तेही फाडले. चिंचेखाली माझ्याभोवती कागदाचे बोळे जमू लागले. ज्या लेखणीने तहसीलदारांस गहिवर आणला, ती लेखणी एका साध्या गरजेपुढे आडवी पडली होती. पलीकडचा मिरच्यावाला विचारू लागला, "अर्जनवीस, आज पेरनी काऊन करून राह्यले?"

शेवटी सुभद्राबाई म्हणाली, "तुमचं नका लिवू. माह्या तोंडचं लिवा. मी सांगतो, तुमी फक्त हात चालवा."

इतक्या वर्षांत मला असे कोणी सांगितले नव्हते. मी हात चालविला. वर हुजूर नाही, खाली सबब नाही. तिने जसे सांगितले तसे, तिच्याच बोलीत, शुद्धलेखनाचा विधिनिषेध न ठेवता लिहिले: "बाई, मी जवारीवाली. तुमी म्हने बहन, आड है क्या. म्या तुमाले जवारीत नेलं. धुऱ्यावर पदर धरला. मंग तुमी माह्या मडक्यातलं पानी पेल्या. लोक आले तवा तुमी डोयानं खुनावलं, म्या सांगतलं नाही. आता सांगतलं तं मले खोटी म्हनतेत. तुमी खरं काय थे लिवा."

वाचून दाखविताना माझा आवाज बारीक झाला. तिने अंगठा दिला आणि म्हणाली, "आता बरोबर हाय." दोन तावांच्या जागी तो अर्धा कागद होता. मी तो तेथल्याच पोस्टाच्या पेटीत टाकला आणि पेटीवर हात ठेवून उगाच क्षणभर उभा राहिलो.

मग दिवस मोजणे आले. पाथरवटाचे अक्षर 'गोरसाने' पर्यंत आले असे माधवरावांनी कौतुकाने सांगितले. मी तोंडदेखले हसलो. रोज पोस्टमन कडुनिंबाजवळून जाई, आणि रोज मी त्याच्याकडे अशा नजरेने पाही की शेवटी तोच म्हणाला, "साहेब, तुमचं पत्र आलं तं मी पयत येईन, पन असं पाहू नका."

पाडव्याला दोन दिवस उरले असता तो खरोखर पळत आला.

दुसऱ्याच दिवशी धामणगावचा बाजार होता. पाडव्याचा बाजार म्हणून गर्दी दाट. मी पाकीट फोडले नव्हते. ते माझ्या नावावर असले तरी माझे नव्हते. सुभद्राबाई आणि किसन आले. साखरेच्या गाठ्या घेण्यास आलेले माधवरावही चिंचेखाली येऊन टेकले. मुंबईचे पाकीट पाहून लोक जमलेच. मी फोडले आणि वाचता वाचता मराठी करीत गेलो.

"बहीण, तूच ती," असा आरंभ होता. "त्या दिवशी सकाळपासून मी विमानात होते. तेल गळत होते म्हणून उतरले, असे मी साऱ्या जगास सांगते. तेल गळत होते हे खरे आहे. परंतु उतरल्याबरोबर मला पहिल्याने तू हवी होतीस."

येथे मी थांबलो. समोर सरपंच, मागे बाजार. पुढचे वाक्य ज्वारीचे होते. मी आवाज उतरवून ते भराभर वाचून टाकले. तरी लोकांस कळावयाचे ते कळले. पुरुष खाली पाहू लागले आणि भाजीवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"सिनेमावाले माझ्याकडे आले तेव्हा ही गोष्ट मी त्यांना सर्वांत आधी सांगितली. त्यांच्या लेखकाने मान हलविली आणि म्हणाला की, असले काही पडद्यावर शोभत नाही. मग त्याने तेथे घोडा घातला."

सुभद्राबाईने माझ्याकडे पाहिले. "म्हंजे तुमी लिवनारे सारे एकाच जातीचे दिसता."

मी पत्रात डोके घालून पुढची ओळ वाचू लागलो.

"काठ्या घेऊन माणसे आली तेव्हा मी फार भ्याले होते," पत्र पुढे सांगत होते. "तू गप्प राहिलीस. त्याचे आभार मानावयाचे राहून गेले ते आज मानते. आणि एक विचारते. मी ज्वारीत असताना चष्मा तुझ्या हाती दिला होता. परत आले तर तू तो डोळ्यांवर चढवून उभी होतीस आणि म्हणालीस, सारं रान हळदीचं झालं. पुढे कितीतरी वेळा तो पिवळा चष्मा लावून मी रानांवरून उडाले, आणि दर वेळी मला तुझी हळद आठवली. तुला ती आठवते का?"

किसन बायकोकडे वळला. "चष्मा घातला होता? मले नाही सांगतलं कधी."

"थे नाही सांगतलं कोनालेच," सुभद्राबाई म्हणाली. तिचा चेहरा एकाएकी त्या नव्या नवरीएवढा झाला. "साहेबाची वस्तू डोयाले लावली म्हनून मारलं असतं ना. हाव, हळदीचं झालं होतं. जवारी, पडीत, लोकं, सारं."

भोवती कोणी हसले नाही. मग सगळ्यांच्या नजरा माधवरावांकडे गेल्या. माधवरावांनी टोपी काढली, डोके पुसले आणि टोपी पुन्हा ठेवली.

"आजा त्या दिवशी गावात नव्हताच," ते म्हणाले. "खामगावले गेला होता, तारखेवर. घरी साऱ्याईले माहीत हाय."

"मंग दूध?" मिरच्यावाल्याने विचारले.

"दूध म्या शिनेमातच पाह्यलं बे."

त्या हशात सुभद्राबाईही हसली. माधवराव उठताना तिच्यापुढे थांबले. "सुभद्राबाई, मजकूर बदलून घेऊ काय? तुह्यं नाव टाकू?"

"दगड राहू द्या, पाटील," ती म्हणाली. "उद्या कोनी विचारलं, बाई कायले उतरली होती, तं दगडावर काय लिवसान?"

दगड पाथरवटाकडेच राहिला. पुढे त्याने तो उलटा करून कोणाच्या तरी न्हाणीत बसविला, असे ऐकतो. माझा 'गोरसाने' आता साबणाच्या पाण्याखाली तोंड खाली घालून पडला आहे, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही असे लिहिले तर ते आणखी एक असत्य होईल.

त्या दिवसापासून मी अर्ज लिहिण्यापूर्वी प्रत्येक अर्जदारास एक प्रश्न विचारतो: सांगायची लाज वाटते असे काही आहे काय? असेल तर ते आधी सांगा. आश्चर्य हे की, दहांतून सातांचा मुद्दा तेथेच सापडतो. गाळणे ही थोर विद्या आहे हे माझे मत कायम आहे. फक्त काय गाळावे हे आता मी एकटा ठरवीत नाही. आणि तो अस्वलवाला म्हातारा पुन्हा आला तर गैरअर्जदार म्हणून मी अस्वलाचेच नाव घालीन. आला मात्र नाही.

पत्र सुभद्राबाईपाशी आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती ते कमरेला खोचून आणते. मोठ्या बाजारी ती चिंचेखाली येते, एखादी पाहुणी किंवा नात सोबत असते, आणि पत्र माझ्या मेजावर ठेवून म्हणते, "वाचा." हातातले काम बाजूस सारून मी वाचतो. "बहीण, तूच ती" येथपर्यंत माझा आवाज खणखणीत असतो. मग ज्वारीचे वाक्य येते. भोवती बाजार असतो, ओळखीची माणसे असतात, आणि जुनी खोड म्हणून माझा आवाज आपोआप खाली येतो.

दर वेळी ती माझ्या मेजावर दोन बोटे वाजविते.

"मोठ्यानं वाचा, अर्जनवीस. मानसं ऐकून राह्यले."